कुणाची कॅप कुणाला

"आई, ह्यांच्यावर आकडे हुते. कुठं गेले?"

अजिनाथचा आवाज इतका बारीक झाला होता, की लंकाबाईला आधी वाटलं, पोरगं कौतुकानंच विचारतंय.

"ते निळं निळं व्हय? काथ्यानं घासून काढलं की. पूजंला काय असलं मळकं मांडायचं?"

पारनेर रोडवरच्या अजिनाथच्या गॅरेजच्या शेडमधली खंडेनवमीची पूजा दरसाल तिच्याच हातची. पाने, हातोड्या, जॅक, सगळं चकचकीत. मधोमध पाटावर शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचे चार रॉड, आणि त्यांच्या चार कॅपा निरांजनाभोवती गोल मांडलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. एवढी देखणी पूजा आख्ख्या रस्त्यावर कुणाची नसेल. अन् अजिनाथ एकेक फूल बाजूला सारून कॅपा उलटसुलट करून बघत होता.

रॉडच्या टोकाला गोल भोक असतं, त्याचा सुटा अर्धा भाग म्हणजे कॅप; दोन्ही एकत्र आवळून मगच ते भोक कातलेलं असतं, म्हणून जोडीजोडीवर आकडा. ह्याची कॅप त्याला बसवली, तर साध्या गाडीत एखादवेळ खपून जाईलही. पण त्याची बहीण धनश्री उद्या, दसऱ्याला, माळावरच्या शर्यतीत हे इंजिन पार पिळून काढणार होती. वेगात रॉड तुटला, की इंजिन फोडून बाहेर येतो. मग गाडी कुठं जाईल आणि आत बसलेलीचं काय होईल, ते देवालाच ठाऊक.

"वजन करून बघ ना दादा," हेल्मेट पुसता पुसता धनश्री म्हणाली. "ज्याची त्याला लागंल."

"सगळ्यांचं वजन एकच हाय, धना." अजिनाथ कसनुसा हसला. "मीच केलंय."

वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून पंखा बंद करून, घामानं निथळत, सोनाराच्या काट्यावर ठेवून ठेवून तो ह्या कॅपा घासत बसला होता. जरा जड लागली की कानस, की पुन्हा काटा. केसाइतकाही फरक ठेवला नव्हता गड्यानं. त्या नादात कंपनीचे कोरलेले आकडेही घासून गेले, तेव्हा म्हणाला, असू दे, मार्करनं लिहू. शहाणाच तो!

त्यानं पूजेतला पाना उचलला. लंकाबाई "आरं, आज उचलू न्हाई" म्हणेस्तोवर एक कॅप आवळूनही झाली. सांध्यावरून त्यानं नख फिरवलं. जोडी चुकीची असली की नख अडतं. खटाटोप करून दोन जोड्या जमल्या. उरलेल्या दोन मात्र अशाही बसत होत्या अन् तशाही. नख कुठंच अडेना. इंजिनं कातून देणाऱ्या, बारीक माप घेणाऱ्या नगरच्या बोरिंगवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आज मशीनला हात लावत न्हाई आमी. अन् उद्या दसरा."

"नख अडत न्हाई ना? मग बसव," धनश्री म्हणाली. "वरीसभर वाट बघितलीय मी. काय व्हायचं ते माझं व्हईल."

लंकाबाईच्या आत्ता कुठं ध्यानात आलं. पदर तोंडाशी धरून ती पाटाजवळच खाली बसली. "माझ्या हातानं झालं व्हय रं हे?"

"तुझं न्हाई काय, आई. माझं चुकलं."

अजिनाथला आता स्वतःचीच भीती वाटायला लागली. ही पोरगी अशीच समोर उभी राहिली, तर थोड्या वेळानं आपण 'बसवतो' म्हणू, हे त्याला पक्कं माहीत होतं. आजवर तिच्या कुठल्या हट्टाला तो नाही म्हणाला होता?

त्यानं उरलेल्यांतली एक कॅप टेबलाच्या कडेच्या वाईसच्या जबड्यात आवळली आणि लोखंड कापायची करवत तिच्यावर धरली.

"दादा! काय करतोस? दादा!"

धनश्रीनं त्याचा हात ओढला, पाठीत बुक्के घातले, नको नको ते बोलली. तो कापतच राहिला. कॅपचा अर्धा तुकडा खाली पडला, तशी ती भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं. पाटाजवळ गेली. उरलेली कॅप उचलली आणि स्वतःच वाईसमध्ये आवळली.

"ही पन काप," ती म्हणाली. "न्हाईतर कुठनं तरी दुसरी कॅप आनीन अन् परत म्हनंन, बसव."