पहिले चार शब्द

“तसं काही विशेष नाही हो, पण...” नलूबाई घोडविंदे एवढंच बोलल्या आणि मोबाइलमधला डॉक्टर म्हणाला, “छान! तुमची तब्येत ठणठणीत आहे.” कॉल संपला. सकाळपासूनचा हा सातवा.

तो डॉक्टर माणूस नव्हता, संगणकाचा प्रोग्राम होता. गर्दीच्या वेळी आरोग्यसेवेची साइट बंद पडू नये म्हणून महिन्यापूर्वी त्याला नवं शिकवलं होतं: पेशंटचे पहिले चार शब्द ऐकायचे, उरलेलं ओळखायचं आणि तयार उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

एकाच नंबरवरून सात कॉल आलेले पाहून साइटची इंजिनीअर इरावती परुळकर हिने स्वतःच नलूबाईंना फोन लावला. “पण काय, मावशी?”

“पण डावा हात सकाळपासून उचलवतच नाहीये गं. म्हटलं, उगाच कशाला डॉक्टरांना त्रास!”

इरावतीने आधी ॲम्ब्युलन्स पाठवली. मग अशाच सुरुवातीचे आजचे कॉल शोधले. एक्केचाळीस हजार निघाले. तिने ती चार शब्दांची सुधारणाच बंद केली आणि कोणी ती परत सुरू करू नये म्हणून पासवर्ड बदलून टाकला.

दहा मिनिटांत तिचे वरिष्ठ वाघोलीकर साहेब धावत आले. “पाव सेकंदात उत्तर जात होतं, आता सहा मिनिटं लागताहेत! सुरू करा ते, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“नाही येणार. पण सर्व्हर आजच वाढवून घ्या, कारण ते काही मी सुरू करणार नाही.”

“अहो, एवढा वेळ फोनवर ही माणसं करताहेत तरी काय?”

“‘पण’च्या पुढचं बोलताहेत.”