धाकटीची सही

आईचं घर विकायला धाकटीनं नकार दिला, तेव्हा "आमच्या लेखी तू मेलीस" म्हणून दादानं तिच्याशी बोलणंच टाकलं. घराण्याची वंशावळ मांडणाऱ्या एका वेबसाइटची वर्गणी मात्र अजून तिच्याच कार्डावरून जात होती. एका दुपारी ती कामाला होती त्या दाताच्या दवाखान्यात पेशंट नव्हते, तेवढ्यात तिनं काउंटरवरूनच ती बंद करायला फोन लावला.

"मॅडम, हे खातं तुम्हाला बंद करता येणार नाही," पलीकडची मुलगी चाचरत म्हणाली. "खातेदार मार्चमध्येच वारल्या आहेत."

"अगं, मग तुझ्याशी बोलतंय कोण?"

"हो, पण तुमच्या थोरल्या भावांनी तशी नोंद केलीय. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'सुद्धा लिहिलंय."

"आणि मेलेल्या बाईच्या कार्डावरून दर महिन्याला पैसे कापताना तुमचा हात नाही थरथरला?"

मुलगी ओशाळली. नोंद लगेच खोडून देते म्हणाली.

"राहू दे. वर्गणी तेवढी थांबव, आणि त्या पानाची एक प्रत मला पाठव."

रविवारी दादा दारात उभा. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. चपलासुद्धा न काढता त्यानं कागद पुढे केला. "उगाच शहाणपणा नको. तुझ्या एका सहीवाचून सगळं अडलंय. इथं कर."

धाकटीनं चष्मा लावून कागद शांतपणे वाचला. त्यावर ती प्रत ठेवली आणि दोन्ही त्याच्या हातात परत दिले.



"मेलेल्या माणसाची सही कुठून आणणार, दादा?"