कार्डातलं नाव

चीनमधल्या शेन्झेनच्या बाजारात वेईमिनचा संगणकाच्या सुट्या भागांचा गाळा होता. त्याचा बालमित्र क्वांग याने तिथून मुलीसाठी ग्राफिक्स कार्ड नेलं. घरी तपासणीच्या सॉफ्टवेअरनेही नवंच मॉडेल दाखवलं. पण ॲनिमेशन कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेसाठी फिल्म करताना संगणक सारखा बंद पडत राहिला आणि पोरीचं कॉलेज हुकलं. क्वांगने कार्ड उघडलं, तर आत दहा वर्षांपूर्वीची चिप.

तो तसाच गाळ्यावर आला. "सॉफ्टवेअर खोटं कसं बोललं रे?"

"ते कार्डात लिहिलेलं नाव वाचतं," वेईमिन खाली बघत म्हणाला. "नाव मीच बदललं होतं."

"आणि नेमकं मलाच दिलंस?"

"बाकीची गिऱ्हाइकं इथेच कार्ड उघडून बघतात. तू बघणार नाहीस, हे मला माहीत होतं."