लाल झेंड्या

दुर्लाव पक्ष्याची मादी अंडी घालून निघून जाते. गवतातल्या घरट्यात ती अंडी उबवत बसतो एकटा नर. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलीने महिनाभर माळ तुडवून अशी अकरा घरटी हुडकली होती. माळावर झाडं लावायची ठरताच तिने प्रत्येक घरट्याशेजारी लाल झेंडी रोवली, कुणाचा पाय पडायला नको म्हणून. दोन दिवसांनी मुकादम हसतच सामोरा आला. “ताई, उपकार झाले! खड्डे कुठे घ्यायचे, ते साहेब सांगायलाच विसरले होते. झेंड्या दिसल्या आणि धडाधड खणत सुटलो.” तिने विचारलं, “मामा, तिथे काही दिसलं नाही?” “ठिपकेवाले खडे होते थोडे. फावड्याने उडवले.” त्याने शेवटच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. “तिथे मातीवर एक पाखरू सकाळपासून ठाण मांडून बसलंय. तुम्हाला पाखरांचं कळतं ना? तेवढं जरा हाकलून द्या.”