तोतारामची बंदूक

केळीच्या बागेत रानडुकरं घुसतात, म्हणून तोतारामला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला होता. यंदा नूतनीकरणासाठी बेबाबाईनं नवऱ्याला बंदुकीसकट बैलगाडीत घालून कचेरीत आणलं.

साहेबांनी त्याचा लुळा उजवा हात पाहिला. "दोन वर्षांपासून असा आहे? मग बंदूक कोण चालवतं?"

"हेच चालवता, सायेब. डाव्या हातानं."

"खरं सांगा, बाई. परवाना ज्याच्या नावावर, त्यानंच चालवायची. दुसऱ्या कोणी चालवली तर बंदूक जप्त आणि चालवणारा कोठडीत."

"मी तं हात बी नाही लावला कधी. पन बंदूक ठेवून घेऊ नका, सायेब. आठ दिवसांत डुकरं बठ्ठी बाग आडवी करतीन. पाया पडते तुमच्या."

तोताराम डावा हात कसाबसा उचलून दाखवायला लागला. तो हात नुसता थरथरत होता. साहेबांना बघवेना. "राहू द्या, राहू द्या," म्हणत त्यांनी शिक्का उचलला. टेबलावरची बंदूक बाजूला सारताना त्यांनी सहज विचारलं, "भरलेली नाही ना?"

बेबाबाईनं बंदूक उभी धरली, नळीखालचा गज सर्रकन ओढला, नळीत सोडला आणि कान दिला. तळाशी टण्ण वाजलं.

"रिकामी हाये, सायेब."

साहेबांचा शिक्का हातातच राहिला. काय झालं ते बेबाबाईच्या आधी तोतारामला कळलं. त्यानं डोळे मिटून घेतले.