चित्र हाय, आवाज न्हाय

“चित्र आलं!” आदिती ओरडली आणि लगेच गप्प झाली. टीव्हीवर मांडव होता, पंगत होती, जिलेबीची ताटं होती. आवाज तेवढा नव्हता.

तिनं टीव्हीचा आवाज पार टोकापर्यंत वाढवला. गेमच्या मशीनची वायर काढून फुंकली, परत लावली. जुनं मशीन घरघरलं. मांडव परत उभा राहिला, मुकाच.

मशीन मामाचं. त्यानं गेम खेळायचं सोडलं तेव्हा ते शिवाजी पेठेतल्या या दोन खोल्यांत आलं. आई-बापाच्या लग्नाची डीव्हीडीही मामाच्याच घरी, पेठ वडगावला, ट्रंकेत साड्यांच्या तळाशी पडून राहिलेली. फोटोग्राफरनं ती रखडत रखडत दिली. तोवर आदिती पाळण्यात आली होती आणि तिच्या बापाचं, धैर्यशीलचं, घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्रच काढलं. मग ती डीव्हीडी आणून बघायची छाती कुणाला झाली नाही. आता आदितीनंच ती काढून आणली होती.

आदितीनं बापाचा आवाज कधी ऐकला नव्हता. पेठेतली माणसं सांगायची, “तुझ्या बापानं मैदानात आरोळी ठोकली की पंच शिट्टी मारायचं विसरायचा, पोरी.” ती हसायची आणि घरी येऊन बापाकडं बघत बसायची. बापाचे ओठ वाचायला ती स्वतः बोलायच्या आधी शिकली होती. शब्द सगळे मिळाले होते. नाद तेवढा राहिला होता.

तो या डीव्हीडीत होता. जिलेबीचा घास भरवताना धैर्यशीलनं उखाणा घेतला होता.

“काय घेतला कुणास ठावं,” तिची आई वर्षाराणी म्हणायची. “मैदान गाजवणारा गडी, तिथं नुसता पुटपुटला. वर करवल्यांचा ह्यो कालवा. मी आपली हसले, झालं.” नंतर तिनं कितीदा विचारलं. तो खांदे उडवायचा. विसरलो म्हणायचा. पण कॅमेरा अगदी तोंडाजवळ होता. कॅमेऱ्यानं ऐकलं असणार.

मंगळवार पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या सम्मेदनं डीव्हीडीतल्या फाइली पेनड्राईव्हवर काढून दिल्या होत्या. मोबाईलवर बघायला वर्षाराणी तयार नव्हती. “चिमूटभर पडद्यावर माझं लगीन बघायचं न्हाय मला.” म्हणून हा गेमचा खटाटोप. आधी मशीनला पेनड्राईव्हच दिसेना. मग फाईल दिसली तर चालेना. आता चालली तर मुकी.

आदितीनं सम्मेदला फोन लावला.

“अगं, त्या जुन्या गेमला ह्या आवाजाची भाषा कळत न्हाय,” तो म्हणाला. “चित्र तेच ठेवतो, आवाज तेवढा बदलून देतो. ये घेऊन.”

“आणि ऐकायचं न्हाय हं. पहिलं मी ऐकणार.”

“कानात बोळे घालतो, बाई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं टीव्हीपुढं बसली. वर्षाराणी कणकेचे हात पुसत आली. धैर्यशीलनं उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं. आदितीनं फाईल सुरू केली.

आवाज आला. खणखणीत आला.

सनई होती. सनईमागून सिनेमाचं गाणं आलं. नवरी आली, गाणं. अक्षता पडल्या, गाणं. पंगत बसली, धैर्यशीलनं घास उचलला, मिशीखालचे ओठ हलले, आणि त्यावरही कुणी दुसराच गडी गळा काढून गात होता. फोटोग्राफरनं मांडवातला सगळा आवाज पुसून त्या जागी गाणी भरली होती.

आदितीनं परत फोन लावला. “मूळ आवाज गाण्याखाली कुठं राहिला असंल का रे?”

“न्हाय गं,” सम्मेद हळूच म्हणाला. “त्यानं ठेवलाच न्हाय, तर मी कुठनं काढू?”

फोन तिच्या मांडीवर पडला. गाणं चालूच होतं. धैर्यशीलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिनं वर बघेपर्यंत थांबला.

“रडू नको,” त्याचे ओठ म्हणाले. “भसाडा होता.”

ती हसली आणि जास्तच रडली.

वर्षाराणी मात्र टीव्हीकडंच बघत होती. पुढं सरकत सरकत पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

“आदिती, मागं घे. आणि त्यो आवाज बंद कर.”

“मम्मी, आवाजासाठीच तर एवढं…”

“बंद कर म्हणते न्हवं! ह्यांचं ऐकायला आपल्याला कान कधी लागलेत गं?”

आदितीनं आवाज बंद केला. इतके दिवस ती वायरी बघत होती, पेनड्राईव्ह बघत होती. ओठांकडं तिनं बघितलंच नव्हतं.

धैर्यशील उठून जायला लागला. वर्षाराणीनं त्याचा शर्ट धरला. “बसा गप.”

मुक्या मांडवात त्यानं परत घास उचलला. ओठ हलले. आदिती एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेली.

“रंकाळ्याच्या पाण्यावर सांजेची हवा,
न बोलता वर्षाराणीला कळावं, काय पाहिजे जिवा.”

पडद्यावरची नवरी काहीच ऐकू न आल्यासारखी नुसती हसत होती.

वर्षाराणीनं नवऱ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसून ती लेकीकडं वळली.

“परत लाव गं. त्यास्नी अजून एकदा बघायचंय.”

धैर्यशीलचे ओठ हललेसुद्धा नव्हते.