काउंटरवरची लाज

"हळू कशाला बोलतेस? गोळ्या घ्यायची लाज नाही आणि नाव घ्यायची लाज?" केमिस्ट मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एकाने खोकल्याच्या औषधाची बाटली वाचायला घेतली, दुसऱ्याने सरळ मान वळवून बघितलं. काउंटरपलीकडची मुलगी कानापर्यंत लाल झाली. चेहरा आधीच लाल होता, तिथे काही फरक पडला नाही.

गालावर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेने मुरमंच मुरमं. गल्लीने तिचं नाव ठिपकी ठेवलं होतं आणि तिनेही मुकाट्याने ते चालवून घेतलं होतं. केमिस्टची मुलगी आणि ती एकाच संगणक क्लासला जायच्या.

"काका, चिठ्ठी आहे. मुरमांसाठीच दिल्यात."

चिठ्ठी होती खरी, पण वरचा भाग फाटलेला. नाव नाही, तारीख नाही. गेले तीन महिने हीच चिठ्ठी. "पिशवीत फाटली," एवढंच ती सांगायची.

केमिस्टचे केस या धंद्यात पांढरे झाले होते. गर्भ राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्या काही मुलींना मुरमांवरही देतात, हे त्याला ठाऊक होतं. तीन-चार महिन्यांत चेहरा निवळतो, हेही ठाऊक होतं. हिचा चौथा महिना, आणि चेहऱ्यावर एक फोड कमी नाही. म्हणजे गोळ्या वेगळ्याच कामाच्या. एवढं न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

तरी विकत होताच. माल विकताना त्याला लाज आडवी येत नव्हती. लाज फक्त घेणाऱ्याने बाळगायची.

त्याने गोळ्यांचं खोकं फोडलं. आतल्या माहितीच्या कागदाची घडी नेहमीसारखी टोपलीत टाकली. पोरींनी ती वाचायची आणि मग इथे येऊन डोकं खायचं, हवंय कुणाला? स्ट्रिप कागदी पाकिटात सरकवली.

"काका, एक विचारू? या घेताना काही दुखायला लागलं तर..."

"मळमळतं, डोकं दुखतं, छाती जड होते. मजा करायची म्हटलं की भोगायचंही असतं."

"तसं नाही, काका. म्हणजे समजा..."

"वडिलांना फोन लावू का तुझ्या? त्यांनाच समजावतो."

केमिस्टने लाल पेन उचललं. पाकिटावर लिहिलं, 'रोज एक, जेवणानंतर.' मग गिऱ्हाइकांना दिसेल असं पाकीट धरून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'बापाला विचारून घे,' आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. खोकलेवाला फिस्सकन हसला. ठिपकीने ते वाचलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पाकीट मुठीत चुरगाळून निघून गेली.

"नाहीतर तुमची मुलगी," खोकलेवाला म्हणाला. "चेहरा कसा लख्ख!"

"माझं क्रीम. स्वतः घोटलेलं. देऊ एक डबी?"

या क्रीममागची गोष्ट तो कुणाला सांगत नसे. वर्षापूर्वी त्याच्या मुलीचाही चेहरा असाच मुरमांनी फुलला होता. बायको गेल्यापासून ती दुकानात त्याच्याशेजारी बसायची. एकदा एक बाई क्रीमची डबी परत ठेवत म्हणाली, "अहो, आधी घरच्या पोरीला तर लावा!" बाई गेल्यावर तो मुलीला म्हणाला, "उद्यापासून काउंटरवर बसू नकोस. तुझं तोंड बघून माझं क्रीम कोण घेईल?"

तिने पेनाला टोपण लावलं, पेन जागेवर ठेवलं आणि उठली. पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. ते वाक्य त्याला अजून सलायचं. पण लेकीची माफी मागायला बापाची जीभ वळत नव्हती. क्रीम मात्र ती घेऊन गेली होती, आणि आता चेहरा आरशासारखा झाला होता. आपली लाज राहिली, असं त्याने मानलं.

दुपारी जेवायला घरी गेला तर मुलगी पलंगावर, डावा पाय उशीवर.

"काय गं?"

"पाय मुरगळला, बाबा."

त्याने मलम आणून पोटरी चोळून दिली. चोळता चोळता म्हणाला, "त्या ठिपकीबरोबर हिंडणं बंद कर. लक्षण ठीक नाही तिचं."

मुलगी कोपरावर रेलून जरा उठली. "बाबा, मला तुम्हाला..."

"काय?"

"काही नाही. हळू चोळा."

तिसऱ्या दिवशी सकाळी जिना चढताना तिला धाप लागली आणि ती पायरीवरच कोसळली. दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. ओठ निळसर पडले होते.

डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "पायात रक्ताची गाठ झाली असणार, ती फुप्फुसात गेल्यासारखी वाटतेय. एवढ्या लहान वयात सहसा होत नाही हे. गर्भ राहू नये म्हणून घेतात त्या गोळ्या चालू आहेत का?"

"तोंड सांभाळून बोला. मी केमिस्ट आहे. माझ्या घरात असले धंदे नाहीत."

"मी तिची वागणूक विचारत नाहीये, औषध विचारतेय."

"नाही म्हटलं ना!"

मास्कखाली मुलीने जिवाच्या आकांताने मान हलवली.

"बघा," तो म्हणाला, "तीही नाहीच म्हणतेय."

तेवढ्यात ठिपकी धावत आत आली. तिच्या हातात केमिस्टच्या मुलीची क्लासची पिशवी होती. त्याच्याकडे न बघता तिने पिशवीतून एक चुरगळलेलं पाकीट काढून डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवलं. "मॅडम, मुरमांसाठी चार महिने घेतेय ती."

डॉक्टरबाईंनी पाकीट तळहातावर सपाट केलं आणि त्यावरचं लाल अक्षर मोठ्याने वाचलं. "रोज एक, जेवणानंतर." त्या थांबल्या. मग त्याच्याकडे बघत त्यांनी खालची, दोन रेघा ओढलेली ओळ वाचली.

"बापाला विचारून घे."